बदलत्या काळाची चाहूल आणि आपल्या संस्थेची दीर्घ योजना

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या चाळीसगाव येथील वार्षिक अधिवेशनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आज आम्हांस येथे बोलावयास उभे केले, ते आम्ही या विषयातील कोणी पंडित आहोत म्हणून नव्हे. संस्थेच्या कारभारात आमची उभी हयात गेली आणि त्या कारभारात ज्या काही चुका झाल्या, त्यांत आमचाही वाटा आहे, एवढाच आमचा अधिकार. दुपारच्या सभेत इमारत निधीचा ठराव यावयाचा आहे. आपल्या विद्यार्थी वसतिगृहावर आणखी एक मजला चढवावा, असा त्या ठरावाचा आशय आहे. निधी आपणच दिलेला आहे; कोणी पेन्शनीतून दिला, कोणी कापसाच्या पट्टीतून, तर कोणा माउलीने लेकीच्या लग्नातून उरलेल्या रकमेतून. तेव्हा हा पैसा कोठे घालावा, याचा विचार करण्यापूर्वी एक प्रश्न आपल्यापुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते. तो प्रश्न असा की, संस्थेच्या चार भिंतींबाहेर जग कोणत्या दिशेने चालले आहे, हे आपण कधी ठरवून पाहिले आहे काय?

आपण चाळीसगावकर जंक्शनच्या गावचे लोक. १९०० साली येथून धुळ्याकडे फाटा गेला, आणि तेव्हापासून गाडी बदलणाऱ्या उतारूंची वर्दळ आपल्या वाडवडिलांनी पाहिली. ज्यांनी जुने दिवस पाहिले आहेत, त्यांना आठवत असेल की गाडी दृष्टीस पडण्यापूर्वी सिग्नलचा हात खाली पडे. तो पडला की हमाल उठत, चहावाला किटली सावरी, आणि जाणती माणसे आपले बोचके उचलून डबा लागेल त्या ठिकाणी जाऊन उभी राहत. नवखा उतारू मात्र गाडी फलाटास लागेपर्यंत बसून राही आणि मग धावाधाव करी. गाडी दोघांचीही एकच. अंतर एवढेच की एकाने सिग्नलाकडे पाहिले होते आणि दुसऱ्याने पाहिले नव्हते. संस्थांचेही तसेच आहे.

येथे कोणी म्हणेल की उद्या काय होणार हे कोणास कळले आहे? आक्षेप रास्त आहे. आपल्या खानदेशात आखाजीचा सण केवढ्या थाटाने होतो हे सांगावयास नको. त्याच सुमारास शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळ येथे घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीवरून पाऊसपाण्याचे व पिकांचे भाकीत सांगितले जाते. आपल्यापैकी पुष्कळजण ते कान देऊन ऐकतात. तथापि आम्ही जे मागतो आहो ते भाकीत नव्हे. भाकीत सांगणारा उद्याची गोष्ट सांगतो. आम्हांस आजचीच गोष्ट पाहावयाची आहे, पण जी आज घडूनही आपल्या लक्षात आलेली नाही, ती. उद्याचा पुष्कळसा भाग आजच्या दिवसातच येऊन बसलेला असतो. तो ओळखणे म्हणजेच काळाची चाहूल घेणे.

खानदेशचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचे मोल आले. त्याच दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग थळघाट ओलांडून खानदेशात पोहोचला. शेतकऱ्यास, व्यापाऱ्यास, सावकारास वाटले की आता हे दिवस कायमचे. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, भाव कोसळले, आणि मुंबईच्या शेअरबाजारापासून खेड्यातील खातेवह्यांपर्यंत हाहाकार उडाला. आपल्या काळ्या जमिनीत त्या वर्षी कोणतीही चूक झाली नव्हती. जे घडले ते सात समुद्रांपलीकडे घडले होते. पण त्याचा भार आपल्या माणसांच्या माथी आला. घराबाहेर पाहणे ही हौस नसून गरज आहे, हे त्या वेळी ज्यांनी कर्जे काढली त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी शिकून घेतले.

आता याच्या उलट बाजूचे उदाहरण घेऊ. तेही आपल्याच जिल्ह्यातले आहे. १९४५ साली अमळनेरात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने वनस्पती तुपाचा कारखाना काढणारी कंपनी स्थापन झाली. १९६६ साली संस्थापकांचे निधन झाले आणि त्यांचे एकवीस वर्षांचे चिरंजीव अझीम प्रेमजी अमेरिकेतील शिक्षण सोडून कारभारावर बसले. तेल, तूप, साबण यांतच त्यांना आयुष्य काढता आले असते. परंतु १९७३ साली परकी चलनासंबंधी नवा कायदा झाला. त्याच्या अटींवरून मतभेद होऊन आय.बी.एम. ही संगणकाची बलाढ्य परदेशी कंपनी १९७७-७८ च्या सुमारास हिंदुस्थान सोडून गेली. तिची जागा रिकामी पडली, हे वर्तमान साऱ्या देशाने वाचले. अमळनेरच्या त्या कंपनीने मात्र ते वाचून स्वतःस विचारले की, यात आपल्याकरिता काही आहे काय? १९८० च्या सुमारास ती संगणकाच्या व्यवसायात उतरली. तिचेच आजचे नाव विप्रो. गोष्ट घडून गेल्यावर सारे सोपे वाटते, हे आम्ही जाणतो. तरीही वर्तमानपत्र वाचणारे लाखो असतात आणि वाचून हा प्रश्न विचारणारे थोडे असतात, एवढा बोध त्यातून घ्यावयास हरकत नाही.

कोणी म्हणेल, या तर व्यापारी कंपन्यांच्या गोष्टी, ज्ञातिसंस्थेचे काय? तर ज्ञातीचेच उदाहरण देतो. कारवार किनाऱ्याकडील चित्रापूर सारस्वत हा संख्येने लहान समाज. त्यातील पुष्कळ तरुण नोकरीनिमित्त मुंबईस येऊन राहिले. तुटपुंजा पगार, सावकारी व्याज आणि राहण्याची अडचण, ही त्यांची दुखणी होती. १९०४ साली सरकारने सहकारी पतसंस्थांचा कायदा केला. श्रीपाद सुब्बराव तल्मकी या गृहस्थांनी तो कायदा आपल्या समाजाच्या दुखण्याशी ताडून पाहिला आणि १९०६ च्या डिसेंबरात शामराव विठ्ठल यांच्या नावाने सहकारी पतसंस्था उभी राहिली. १९१२ च्या दुसऱ्या कायद्याने कर्जाखेरीज इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढण्याची मोकळीक मिळाली. तेव्हा १९१५ साली मुंबईत गावदेवी येथे सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. देशातील अगदी आरंभीच्या अशा संस्थांत तिची गणना होते. लक्षात घ्या, कायदा सर्वांसाठी होता आणि राहण्याची अडचणही सर्वांचीच होती. त्या दोहोंची सांगड ज्याने घातली, त्याच्या समाजास पिढ्यान्‌पिढ्या पुरणारी छाया मिळाली. पुढे त्या बँकेचे दरवाजे साऱ्यांना खुले झाले, हेही येथे सांगून ठेवले पाहिजे.

आणि आपले वसतिगृह तरी कसे निघाले? शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करण्यास चालना दिली. विद्या शहरात आहे आणि विद्यार्थी खेड्यात आहे. मधला दुवा म्हणजे राहण्या-जेवणाची सोय, हे त्यांनी ओळखले. तोच विचार पुढे महाराष्ट्रभर पसरला. आपल्या संस्थापकांनीही पाहिले की, तालुक्यातील खेड्यांतून हुशार मुले चाळीसगावच्या हायस्कुलात येतात, नातेवाइकांच्या ओसरीवर झोपतात, वार लावून जेवतात आणि अखेर कंटाळून गावी परत जातात. म्हणून त्यांनी खोल्या बांधल्या. आज काही ज्येष्ठ मंडळी आम्हांस म्हणतात की, आपल्या वाडवडिलांनी असले निरीक्षण-बिरीक्षण कधी केले नाही. आमचे नम्र म्हणणे असे की, त्यांनी केले म्हणूनच आज आपल्यापाशी वसतिगृह आहे. केले नाही ते आपण.

याचा दाखला म्हणून आमचीच एक चूक आपल्यापुढे उघड करतो. नव्वदच्या दशकात आम्ही कार्यकारी मंडळावर होतो. मुलांना नोकरी मिळावी या सद्‌हेतूने आम्ही वर्गणी जमवून टंकलेखनाची यंत्रे विकत घेतली. उद्‌घाटन झाले, पेढे वाटले, पहिल्या दोन-तीन वर्षी वर्ग भरलाही. पुढे मुले येईनाशी झाली. यंत्रांवर आच्छादने चढली ती पुन्हा निघालीच नाहीत. शेवटी ती मोडीत गेली. त्या वेळी संगणक आलेला नव्हता, असे म्हणण्याची सोय आम्हांस नाही. मुंबईस रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीत तो बसलेला आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता; इतकेच नव्हे, तर यंत्रखरेदीसाठी मुंबईस जाताना काढलेले आरक्षणाचे तिकीट त्याच संगणकावर छापलेले होते. ते खिशात ठेवून आम्ही टंकयंत्रांचा सौदा करून आलो! सिग्नल पडला होता, आम्ही त्याखालीच उभे होतो. पण तो आपल्या गाडीचा आहे, हे आमच्या मनास शिवले नाही. त्या वर्गणीदारांपैकी पुष्कळजण आज हयात नाहीत. त्यांचा हिशोब आमच्या मनात अजून उघडा आहे, आणि त्यापायीच आज आम्ही बोलावयास उभे आहो.

पाहणे आणि पाहून घेणे यांत फरक आहे. १९६७ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे फ्रान्सिस अग्विलार यांनी मोठ्या उद्योगांचे चालक बाहेरच्या जगाची माहिती कशी मिळवितात, यावर एक ग्रंथ लिहिला. त्यांनी पाहण्याचे चार प्रकार सांगितले. ते आपल्या व्यवहारातील दाखले देऊन सांगतो. पहिला प्रकार, केशकर्तनालयात बसून वर्तमानपत्र चाळावे तसा. डोळ्यांखालून सारे जाते, मनात हेतू काहीच नसतो. दुसरा, कापूस पेरलेल्या शेतकऱ्याचे कान कापसाचा भाव निघताच टवकारतात तसा. हेतू असतो, पण माहिती आपण होऊन येईल तेव्हाच. तिसरा, अडत्याकडे गेलो असता सहज चौकशी करावी तसा. चौथा, मुलीस स्थळ पाहताना आपण घर, माणसे, शेती, कर्ज, सारे ठरवून व चार ठिकाणी विचारून पाहतो, तसा. आता आम्ही विचारतो, एका मुलीच्या लग्नासाठी आपण चौथ्या प्रकाराने पाहतो. मग शेकडो मुलामुलींच्या भवितव्यासाठी संस्थेने पहिल्याच प्रकारावर का थांबावे?

आता आपल्या ठरावाकडे वळू. आज बाहेर काय दिसते आहे, ते क्रमाने पाहू.

प्रथम माणसे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात दर स्त्रीमागे अपत्यांचे सरासरी प्रमाण १.७ आढळले. लोकसंख्या आहे तेवढी टिकावयासही ते सुमारे २.१ असावे लागते. म्हणजे वसतिगृहात यावयाची मुले पुढील काळात संख्येने कमी होत जाणार, वाढणार नाहीत. दुसरी गोष्ट अधिक कठोर आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत दर हजार मुलग्यांमागे ८५० हूनही कमी मुली होत्या. ही बालके २००४ ते २०११ या काळात जन्मलेली. ती २०२९ ते २०३६ च्या दरम्यान पंचविशीत येतील. आपण दरसाल वधू-वर परिचय मेळावा भरवितो आणि वरांची यादी लांबत चालली म्हणून हळहळतो. त्या लांबणाऱ्या यादीचा पाया वीस वर्षांमागेच घातला गेला. तो आपल्याच घराघरांतून घातला गेला, हे म्हणावयास जीभ रेटत नाही, पण म्हटले पाहिजे. हे भाकीत नव्हे, ही मोजदाद आहे. जन्मास न आलेली मुलगी पुढे कोणत्याही मेळाव्यात सापडणार नाही.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. पूर्वी आपला जिल्हा पुणे विद्यापीठाकडे होता. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावास उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले, त्यासच आज कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. तालुक्यातालुक्यांतून महाविद्यालये निघाली. त्यामुळे खेड्यातील मुलास अकरावी-बारावीकरिता घर सोडावयाची गरज राहिली नाही. आणि ज्यास घर सोडावयाचे आहे, तो चाळीसगावी न थांबता पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर गाठतो. आपल्या वसतिगृहात रिकाम्या राहणाऱ्या खाटा हे व्यवस्थापकांच्या गैरशिस्तीचे फळ आहे, असे काहीजण म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. मुले चालली त्या वाटेवर आपले वसतिगृह उरलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरी गोष्ट शासनाच्या धोरणाची. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात स्त्रियांना एस.टी.च्या प्रवासात निम्म्या भाड्याची सवलत मिळाली. २०२४ च्या जुलैत शासनाने ठरविले की, ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत आहे, अशा आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे शासन भरील. आता आपल्या शिष्यवृत्ती निधीचे नियम काढून पाहा. त्यांत लिहिले आहे की, मदत ‘फीच्या पावतीवर’ द्यावी. जेथे फीच उरली नाही, तेथे पावती कोठून यावयाची? म्हणजे जिला मदत हवी, तिला आपलाच नियम आडवा येतो. तिच्या बापाची आजची अडचण फीची नसून राहण्या-जेवणाची आहे. त्यासाठीही डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना शासनाने काढलेली आहे. पण ती आपल्यापैकी किती घरांना ठाऊक आहे? संस्थेने नुसती अशी माहिती वेळेवर घरोघरी पोहोचविली, तरी एका मजल्याच्या बांधकामाइतके पुण्य पदरी पडेल.

चौथी गोष्ट कायद्याची. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने एका विशिष्ट जातीच्याच हितासाठी नव्याने निघालेल्या धर्मादाय न्यासांना करमाफी नाकारली होती आणि १९६२ च्या एप्रिलपूर्वीचे न्यास त्यातून वगळले होते. २०२१ पासून न्यासांना आपली करमाफीची नोंदणी मुदतीमुदतीने नवी करून घ्यावी लागू लागली, आणि २०२५ साली तर संबंध प्राप्तिकर कायदाच नव्याने संमत झाला. आपल्या संस्थेने नवा उपक्रम काढताना तो केवळ ज्ञातीपुरता ठेवावा की सर्वांना खुला करावा, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ भावनेचा राहिलेला नाही. आमचे स्वतःचे मत विचाराल, तर कायदा नसता तरीही आम्ही दार उघडे ठेवण्याच्या बाजूचे आहो. शेजारच्या घरची मुलगी बाहेर ठेवून आपली मुलगी सुरक्षित राहत नाही.

पाचवी गोष्ट हवापाण्याची. २०२१ च्या ऑगस्टअखेर कन्नड घाटाकडे एका रात्रीत जो पाऊस कोसळला, त्याने तितूर आणि डोंगरी या नद्यांना महापूर आला. घाटात दरडी कोसळल्या, बाजारपेठेत पाणी शिरले, आणि वाहून गेलेल्या जनावरांची आठवण अजून ताजी आहे. मंगल कार्यालयासाठी नदीकडेची जागा स्वस्तात मिळते आहे, अशी सूचना कार्यालयाकडे आलेली आहे. स्वस्त का मिळते, हे विकणाऱ्यास नदीने सांगितलेले आहे. आपणांसही तिने सांगितले आहे, आपण फक्त ऐकावे.

सहावी गोष्ट दळणवळणाची, आणि येथे मात्र आम्ही सावधपणे बोलू. २०२४ च्या सप्टेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड ते इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गास मंजुरी दिली. तो धुळ्यावरून जावयाचा आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मनमाड ते जळगाव या चौथ्या मार्गास मंजुरी मिळाली. तो आपल्या स्थानकातूनच जावयाचा. यामुळे कारखाने येतील, माणसे येतील, कदाचित आपल्या मुलांना येथेच नोकऱ्या मिळतील. पण मंजुरी म्हणजे गाडी नव्हे. केव्हा आणि किती, हे आज निश्चित नाही. म्हणून ही गोष्ट निराळ्या रकान्यात लिहावी.

या सहा गोष्टी एकत्र ठेवल्या की काय दिसते? मुलग्यांची संख्या घटणार आणि त्यांची वाट दुसरीकडे वळली. मुलींचा ओढा शिक्षणाकडे वाढला आणि त्यांची अडचण निवाऱ्याची आहे. परगावी मदत हवी आहे. आणि पुढे कधीकाळी चाळीसगावातच गर्दी वाढण्याचा संभव आहे. आपला ठराव मात्र म्हणतो की, मुलग्यांसाठी, येथेच, कायमची सिमेंटची इमारत आजच बांधावी. भगिनींनो व बंधूंनो, हे आपले पुन्हा टंकयंत्र तर नव्हे ना?

काळ निश्चित सांगत नाही, तेव्हा शहाणा काय करतो, हे आपल्या शेतकऱ्यास शिकवावयास नको. तो कापसाच्या ओळींमध्ये तुरीचे तास ठेवतो. पाऊस वेळेवर झाला तर कापूस आहे. कापसाने दगा दिला तर तूर घर राखते. १९७३ साली तेल उत्पादक देशांनी खनिज तेलाचा भाव अवघ्या काही महिन्यांत जवळजवळ चौपट केला, तेव्हा शेल नावाची तेल कंपनी इतरांपेक्षा लवकर सावरली. तिच्या नियोजन खात्यातील पिएर वाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘असे झाले तर काय, तसे झाले तर काय’ अशी निरनिराळी चित्रे आधीच रेखाटून चालकांपुढे ठेवली होती. त्यासच आपण तुरीचे तास म्हणतो, एवढेच.

यास्तव आमच्या सूचना चारच आहेत.

पहिली सूचना, संस्थेने पाच जणांची एक कालनिरीक्षण समिती नेमावी. तीत निदान दोन स्त्रिया असाव्यात, दोघे तिशीच्या आतले असावेत आणि एकजण पुण्या-मुंबईस वा परदेशी राहणारा असावा. आम्हां वयस्करांस तीत घेऊ नये. आम्हांस गेलेला काळ फार चांगला दिसतो, आणि तोच आमचा दोष.

दुसरी, समितीने एक वही ठेवावी. माणसे, शिक्षण, उपजीविका, कायदा, हवापाणी आणि यंत्रे, असे तिचे सहा भाग करावेत. प्रत्येक नोंदीखाली चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत: काय बदलले? आपल्यापैकी कोणास ते लागू पडेल? किती वर्षांत? आणि ते असेच चालू राहिले तर आपण काय करावे? नोंद निश्चित आहे, संभाव्य आहे की संशयित आहे, तेही समासात लिहावे. ऐकीव वार्ता आणि मोबाइलवर फिरणारे निरोप मूळ शासननिर्णय वा जनगणनेचे कोष्टक पाहिल्याविना वहीत घेऊ नयेत.

तिसरी, ही वही वर्षातून दोनदा, आखाजीस आणि दिवाळीनंतर, कार्यकारी मंडळापुढे वाचली जावी; आणि एका ठराविक रकमेवरील कोणताही खर्च त्या वाचनाशिवाय मंजूर होऊ नये. वही लिहिली आणि कपाटात ठेवली, तर तीही टंकयंत्रासारखीच धूळ खाईल.

चौथी आणि आजच्या दिवसापुरती महत्त्वाची सूचना अशी की, मजल्याचा ठराव एक वर्ष पुढे ढकलावा. या वर्षात रिकाम्या खोल्यांपैकी काही डागडुजी करून, स्वतंत्र प्रवेश व राखणदारीची व्यवस्था करून, मुलींकरिता देऊन पाहाव्यात. एका खोलीत स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका काढावी. आणि शिष्यवृत्तीच्या नियमातील ‘फीची पावती’ हे शब्द काढून ‘शिक्षणाचा प्रत्यक्ष खर्च’ असे शब्द घालावेत. यांतील काही फसले तर मागे घेता येते. चढविलेला मजला उतरविता येत नाही.

या सूचनेस किंमत नाही असे नव्हे. वर्षभरात सिमेंट-लोखंडाचे भाव वाढतील. काही देणगीदारांचा उत्साह मावळेल. ज्यांच्या मातापित्यांची नावे संगमरवरी पाटीवर लागावयाची आहेत, ते रागावतील. त्यांना आम्ही हात जोडून एवढेच म्हणतो की, आपल्या आईचे नाव रिकाम्या खोलीच्या दारावर असण्यापेक्षा एखादी मुलगी परिचारिका वा अभियंता होऊन आली आणि तिने ते नाव तोंडाने घेतले, तर आईस अधिक संतोष होईल.

आणखी एक शक्यता आम्ही लपवून ठेवीत नाही. वर्षभर पाहून कदाचित समिती असेही सांगेल की मजला बांधावाच, फक्त तो मुलींसाठी बांधावा. किंवा चाळीसगावी न बांधता पुण्यास चार खोल्या भाड्याने घ्याव्यात. किंवा आमचे आजचे सारे म्हणणेच चुकीचे होते. तसे झाले तर आम्हांस दुःख होणार नाही. आपले म्हणणे खरे ठरावे म्हणून आम्ही उभे राहिलो नाही. गेल्या वेळी न पाहता जो खर्च झाला, तसा पुन्हा होऊ नये, यासाठी उभे राहिलो आहो.

आपल्या संस्थापकांपाशी पैसा नव्हता, इमारत नव्हती, अहवाल नव्हते. पण ओसरीवर झोपलेला परक्या गावचा पोर त्यांना दिसला. आज आपल्यापाशी निधी आहे, इमारत आहे, छापील अहवाल आहेत. आपल्या काळचा तो पोर कोठे झोपतो आहे, एवढेच शोधावयाचे राहिले आहे. आमच्या समजुतीप्रमाणे तो पोर आता बहुधा पोरगी आहे. ती पहाटेच्या एस.टी.ने जाऊन रात्री परत येते, आणि पुढल्या वर्षी बाप तिला पाठवील की नाही, हे तिला माहीत नाही. दुपारी ठरावावर हात वर करण्यापूर्वी क्षणभर तिचे स्मरण करावे, एवढी विनंती आहे.